चौथ्या खुर्चीची व्यवस्था

मी, शिलाई मशीन दुरुस्त करणारा, वय त्रेपन्न, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्यासमोर पत्ते घेऊन बसावं. वकील केलेला नाही. ब्रिज हा चौघांचा पत्त्यांचा खेळही मी पुस्तकावरूनच शिकलो.

१. राहती खोली व बँकेतील शिल्लक थोरल्या ताईला. "तू पत्त्यांशीच लग्न लाव," असं ती म्हणाली होती, ते विसरलेलो नाही. पण जेवलास का, असं विचारणारी तेवढीच उरली आहे.

२. पेचकस, पाने व तेलाची झारी शेजारच्या छत्रीवाल्या मावशींना. माझा बारीक पेचकस त्या उसना नेतात आणि टोक वाकवून परत आणतात. यापुढे स्वतःचाच वाकवावा.

३. पत्त्यांचं टेबल धाकट्या भावाला. ते मी केलेलं आहे, डुगडुगत नाही. अट एकच: त्याने पुढील नियम ताईसमोर न अडखळता सांगावेत. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. हुकूम कोणता आणि हात किती करणार, त्याची बोली सुरू करायला साधारण बारा गुण लागतात. इस्पिक किंवा बदाम सांगायचा तर त्या रंगाची पाच पानं हवीत. जोडीदाराला उत्तर द्यायला सहा गुण पुरतात. आणि उत्तरात जोडीदाराने नवा रंग सांगितला, तर सुरुवात करणाऱ्याने पास म्हणायचं नसतं. जोडीदाराचं सांगून संपलेलं नसतं.

४. ही अट का, ते नोंदवतो. एका शनिवारी माझ्या जोडीला बसलेल्या धाकट्याने एक बदाम म्हटलं. मी एक इस्पिक म्हणालो. तो पास! त्याच्या हातात चार इस्पिकं होती, माझ्या हातात पाच. बोली चढत सरळ 'चार इस्पिक'पर्यंत जायची, ती पहिल्याच पायरीवर मेली.

"दादा, मला वाटलं तुझ्याकडे विशेष काही नाही."

"मोजता येत नाही, तर पत्ते धरतोस कशाला?"

त्याने पत्ते नीट जुळवून ठेवले. "तुला जोडीदार नको रे दादा, आरसा हवाय," म्हणाला आणि गेला. तेव्हापासून आलेला नाही. माझं म्हणणं बरोबरच होतं. आवाज चढला होता, असं आमच्या डावातला समोरचा शिंपी म्हणतो. तिघांत ब्रिज होत नाही, म्हणून तो आणि डावातला चौथा, दवाखान्यातला कंपाउंडर, हेही येईनासे झाले. हल्ली चारही हात मीच वाटतो, चौघांच्या बोल्या मीच लावतो. कोणी चुकत नाही. कोणी बोलतही नाही.

५. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. याची एक प्रत मात्र धाकट्याकडे आजच जाईल. शिंपी घरी जाताना देईल. धाकट्या, माझी बोली अजून एक इस्पिकवरच आहे. तुझी पाळी आहे.

साक्षीदार: समोरचा शिंपी ("अहो, एवढ्यासाठी मृत्युपत्र? फोन करा की!" असं म्हणून सही केली) व दवाखान्यातील कंपाउंडर. दोघांनाही यातून काही मिळत नाही, म्हणून दोघेही चालतात.

सही: माझी, दोघांच्या देखत.

दिनांक: आजचा शनिवार, आमच्या डावाचा वार.

स्थळ: दुकानामागची खोली, वरील टेबल. तिघे बसलो आहोत. चौथ्या खुर्चीसमोर तेरा पत्ते पालथे वाटले आहेत. मी ते उचलून पाहिलेले नाहीत.