अंकितानं ओळ ओलांडली त्याबद्दल

सिंदी मेघे, बुधवार

आदरणीय वासुदेवराव भाऊजी यांना धाकटा साळा गजेंद्र याचा दोन्ही हात जोडून, मान खाली घालून नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक. तुमची कंबर कशी आहे? (शेकून घेता की नाई? पाच मिनिटंही पालथे पडत नाई, असं ताईचं गाऱ्हाणं आहे.) काल तुमचे सात फोन येऊन गेले, मी एकही उचलला नाई, त्याची माफी. फोनवर तुम्ही मधातच बोलता, म्हणून लिहून बसच्या कंडक्टरजवळ देऊन राह्यलो. पहिले एकच सांगतो, बाकीचं रामायण मागून: तुमची पोरगी जिंकली. बॅग भरली नाई. आठ दिवसांपासून टांगणीले लागलेला माझा जीव आता भांड्यात पडला, बाप्पा.

तुमचा शब्द मले पाठ आहे. 'अंकिताची जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर खेळू दे, हरली तर तिथूनच बॅगसकट अल्लीपूरले घेऊन ये, तुझ्याकडे राहणं बंद, घरून कॉलेज करन.' म्हणून काल सकाळी नालवाडीच्या मैदानावर मी तिची बॅग घेऊनच गेलतो. (रिकामी. भरायची हिंमत झाली नाई.) आता हा खेळ काय, तर फ्लॅग फुटबॉल. नावात फुटबॉल आहे, पण पाय कोणी लावत नाई. अमेरिकेत तो अंगावर पडापडीचा फुटबॉल खेळतात ना, त्याचा हा सोवळ्यातला भाऊ. कोणाले पाडायचं नाई, कमरेची फीत ओढली की तो डाव तिथेच संपला. एकेका बाजूले पाच पोरी, चेंडू दोन्ही टोकांले निमुळता. आपली अंकिता त्यात क्वार्टरबॅक, म्हणजे घरातली मोठी सून समजा: सगळं तिच्या हातातून जाते, पण तिनं स्वतः काही घेऊन निघायचं नाई. अमेरिकेतल्या मोठ्या खेळात क्वार्टरबॅकले वाटलं तर तो स्वतःच चेंडू घेऊन पयते, अन् पयणारा बरा की फेकणारा बरा यावर लोक तिथे वर्षानुवर्षं भांडतात म्हणे. (पयणारा हाडं मोडून घेते, फेकणाऱ्याचा चेंडू भलताच कोणी झेलते.) इथे ते भांडणच मिटवून टाकलं. ज्या ओळीवरून डाव सुरू होते, ती ओळ क्वार्टरबॅकनं चेंडू घेऊन ओलांडायची नाई. सात सेकंदांत फेकायचा, नाई तर दुसरीच्या हातात द्यायचा. ती दुसरी मात्र खुशाल पयू शकते. हे मले आधी कोणी सांगतलं असतं तर! (अंकितानं सांगतलं होतं, दोनदा. पण मी जेवून राह्यलो होतो.)

आपण आट्यापाट्या खेळलेली माणसं, भाऊजी. आपल्याले ओळ दिसली की ती ओलांडायची, एवढंच ठाऊक. समोर हिंगणघाटच्या पोरी. अंकिताच्या हातात चेंडू, पुढे मैदान एवढं मोकळं की बैलगाडी जाईल, अन् ही पोरगी काऊन उभी? मले राहवलं नाई. उभा राहून बोंबललो, "पय अंकिते, पय!" घरच्या आवाजानं रोज सकाळी उठलेली पोरगी ती, तिचे पाय डोक्याले न विचारताच निघाले. अन् काय पयली राजेहो! थेट शेवटच्या रेघेपार. तिकडे नियम मोडला म्हणून पंचानं पिवळा रुमाल फेकला. आमची पोरगी पाच पावलं मागे, डाव गेला तो गेलाच, अन् पुढच्याच चेंडूवर हिंगणघाटवालीनं मधातच झेल घेऊन आमच्यावर सहा गुण चढवले. अंकितानं वळून पाह्यलं. मळणीयंत्र बंद पडल्यावर तुम्ही जसं पाहता ना, तस्संच. मले खरंच रडू आलं. बॅग मांडीवर होती अन् माझ्या एका बोंबेपायी पोरगी संध्याकाळच्या बसमध्ये बसणार, हे दिसून राह्यलं होतं.

मध्यंतरात वर्षाली आली. (ही तिची मैत्रीण, चेंडू हातात घेऊन पयणारी.) मले वाटलं आता हाकलून देते. तर म्हणे, "तुम्ही ओरडत राह्यजा. जिच्याजवळ चेंडू दिसन तिचं नाव घेऊन ओरडजा." मी तेच केलं. अंकितानं चेंडू वर्षालीले दिला, मी "पय वर्षाली!" केलं, ती दहा पावलं गेली. पुन्हा तसंच, पुन्हा तसंच. हिंगणघाटच्या पोरी आता चेंडू सोडून माझ्या तोंडाकडेच पाहायला लागल्या. मग अंकितानं पुन्हा चेंडू वर्षालीच्या पोटाशी नेला, वर्षाली दोन्ही हात पोटाशी आवळून सुटली, मी जीव तोडून बोंबललो, पाचही पोरी तिच्या मागे. अन् वर्षालीचे हात रिकामे! चेंडू अंकिताजवळच होता. ओळीच्या अलीकडे शांत उभी राहून तिनं तो लांब फेकला, अन् शेवटच्या रेघेपार कोपऱ्यात एकट्या उभ्या असलेल्या आमच्याच संघातल्या आचलनं झेलला. सहा गुण! शपथ सांगतो, मी तेव्हाही वर्षालीलेच पाहून राह्यलो होतो. शेवटी हाच डाव त्यांनी पुन्हा टाकला अन् मी पुन्हा फसलो. बारा विरुद्ध सहा. माणसाले ठाऊक असलं की खरं ओरडता येत नाई, म्हणून आधी सांगतलं नाई, असं पोरी म्हणतात. वर्षालीची, आचलची निवड झाली, अन् यादीत पहिलं नाव आपल्या अंकिताचं. मी ती रिकामी बॅग डोक्यावर घेऊन घरी आलो.

घरातल्या मोठ्यांच्या पायावर माझं डोकं, लहानांच्या डोक्यावर माझा हात.

तुमच्या शब्दाबाहेर नसलेला,
गजेंद्र

ता. क. : सोबत संमतीचा कागद आहे. रविवारी नागपूरले पुढचे सामने. पेन्सिलनं फुली केली तिथे सही करून उद्याच त्याच कंडक्टरजवळ द्या. तुमची सही मी करून पाह्यली होती, पण तुमच्यासारखा रागीट 'व' मले जमत नाई.

ता. क. दुसरा : माझी दाढ काढायची म्हणून काल ताई इकडे आलती ना? दाढ जागेवरच आहे. ताई मैदानावर होती. वर जिथे जिथे 'मी बोंबललो' असं लिहिलं, तिथे 'ताई बोंबलली' असं वाचजा. मी तिच्या मागे बॅग धरून गुपचूप बसलो होतो. काल संध्याकाळपासून ती तुमच्याशी एक शब्द बोलून नाई राह्यली, अन् तुम्हाले वाटत असेल की अंकिताच्या पायी रुसली. रुसली नाई, भाऊजी, गळा बसला. हळद घालून दूध द्या तिले. पोरींनी रविवारी तिलेच बोलावलं आहे.