दादाची बरणी

प्रिय दादा,

खुशाली विचारून पत्र सुरू करायची रीत आहे, पण तू खुशाल आहेस हे बाबांच्या तोंडून रोजच ऐकते. माझी विचारतंय कोण! मी दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवते आणि घरी येऊन बाबांच्या पाइपच्या तंबाखूची चाकरी करते.

चष्म्याच्या काचांचे नमुने ठेवायचं घरातलं ते कपाट आता तंबाखूच्या बरण्यांनी भरलंय. वरच्या फळीवर व्हॅनिलाची आणि चेरीची, खाली धुरावर वाळवलेली. दोघींची गाठ पडता कामा नये, नाहीतर धूर गोडीच्या मानगुटीवर बसतो. झाकणांची रबरं मी बदलते. तंबाखू चिमटीत दाबून बघते. हळूच उलगडली तर ठीक, चुरा झाला तर कोरडी, गोळाच राहिला तर बुरशीला आमंत्रण. मागे एकदा मी एकच चमचा दोन बरण्यांत घातला, तर बाबा आठवडाभर तोंड फुगवून बसले. तू मात्र ओलाव्यासाठी सफरचंदाची फोड टाकून सबंध बरणी नासवलीस, आणि ती गोष्ट ते आल्यागेल्याला अजून कौतुकाने सांगतात. लाडका तो लाडका, दोडकी ती दोडकी.

आणि सगळ्यात खाली, कोपऱ्यात, तुझी बरणी. तू घर सोडलंस त्या दिवशी त्यांनी ती ठासून भरली, झाकणावर मेण ओतलं आणि सांगितलं, ही दादा आला की उघडायची, तोवर मुरू दे. तिला हात लावायची मला परवानगी नाही. तिच्यावरची धूळ ते स्वतः पुसतात, गुडघे दुखत असताना खाली बसून. माझ्या परीक्षेचा निकाल त्यांनी उभ्याउभ्या ऐकला होता. स्पष्टच सांगते, जळते मी तुझ्यावर. या वयात एका बरणीवर जळणारी बाई जगात मी एकटीच असेन.

त्यात वहिनीने फोनवर सहज सांगितलं, की छकुली झाली तेव्हाच तू पाइप सोडलास. मी स्वयंपाकघरात एकटीच हसत सुटले. वाटलं, आत्ता जावं आणि बाबांना सांगावं. दारापर्यंत गेलेही. ते कपाटापुढे बसले होते, हातात फडकं होतं. मी चहा हवा का विचारलं आणि परत आले.

आता मुद्द्याचं. या महिन्याच्या अखेरीस बाबांच्या जबड्याची शस्त्रक्रिया आहे. गाठ वाईट आहे. त्यानंतर पाइप कायमचा बंद. त्यांनीच मला लिहायला सांगितलं, दादाला बोलाव, शेवटची त्याच्याबरोबर ओढतो. मी म्हटलं, मी बसते ना तुमच्याबरोबर. तर म्हणाले, तुला ठसका लागेल. तेव्हा त्याआधी ये. सोडलंय वगैरे अक्षरही काढू नकोस, एक झुरका घे. मग तुझा पाइप माझ्या हातात दे आणि म्हण, बाबा, आता हिला बसू द्या तुमच्याशेजारी. मी म्हटलं तर ऐकणार नाहीत. तुला ते कधी नाही म्हणालेत?

तुझीच,
दोडकी