पेडलचा जोड

प्रिय उस्ताद,

लेकीला उस्ताद म्हणायची माझी जुनी खोड, पण तुझ्या गॅरेजचं शटर पडल्यापासून तो शब्द तोंडातून निघत नव्हता. फोनवर तू आधी ‘जेवलात का बाबा?’ विचारतेस आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहितोय.

आई आता वॉकर घेऊन खिडकीपर्यंत जाते. परवा म्हणाली, ‘खुब्यातले स्क्रू लेकीने आवळले असते, तर एव्हाना मी पळत सुटले असते.’ मला हसता आलं नाही.

मी मोटारसायकल तुझ्याकडे आणली तो दिवस आठवतो? या गाडीवर पाय पुढे ताणून बसायचं, ब्रेकचं पेडल कुठल्या कुठे. मी म्हटलं, जरा मागे घे आणि वर तळहाताएवढी पट्टी जोडून दे. तू मला गाडीवर बसवलंस, बुटाभोवती खडूची रेघ मारलीस आणि मान वर करून विचारलंस, ‘पाय ठीक आहे ना?’ मी म्हणालो, ‘गुडघा कुरकुरतो, बाकी काही नाही.’ तू दुपारभर राबलीस. जोड गार झाल्यावर त्या पट्टीवर उभी राहून उड्या मारल्यास. माझी छाती अशी फुगली होती म्हणून सांगू!

गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं, बाळा. चालताना उजव्या पायातली चप्पल निसटायची आणि मी तसाच पुढे जायचो. एकदा बुटात दिवसभर स्क्रू टोचत होता. मोजा रक्ताने भिजलेला दिसला तेव्हा कळलं. आईला दिसू नये म्हणून तो मीच धुतला. रक्तातल्या साखरेने तळवा मेला होता. पेडल मोठं केलं की ते पायाला सापडेल, अशी मी माझीच समजूत घातली. गाडी चालवणं सुटलं असतं तर मी म्हातारा झालो असतो, एवढंच माझ्या डोक्यात.

अपघाताच्या दिवशी उतारावर तो ट्रक एका फाटकातून उलटा बाहेर येत होता. मागे बसलेली आई ओरडली, ‘अहो, ब्रेक दाबा!’ मी म्हणालो, ‘दाबलाय!’ सगळा जीव एकवटून दाबत होतो, पण गाडी थांबेना. खाली पाहिलं तर पाय पेडलवर नव्हताच. शेजारच्या फुटरेस्टवर होता. त्यानंतर हँडलचा ब्रेक ओढायला वेळच उरला नाही.

तू पोलिसांच्या आवारात जाऊन मोडकी गाडी पाहिलीस, तुटलेलं पेडल हातात घेतलंस आणि दवाखान्याच्या जिन्यात मला गाठून म्हणालीस, ‘बाबा, माझा जोड सुटला. आईला मी पाडलं.’ तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. जोड ट्रकवर आदळल्यावर तुटला होता, आधी नाही. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गप्प बसलो. वाटलं, उद्या सांगू. त्या उद्याला चार महिने झाले. तू वेल्डिंगचा चष्मा डोळ्याला लावला नाहीस, आलेली गिऱ्हाइकं परत पाठवलीस, आणि मी रोज तुला ‘जेवलो’ म्हणून सांगत राहिलो.

काल आईकडून कळलं की रविवारी कुणीतरी तुझं वेल्डिंग मशीन न्यायला येणार आहे. आज सकाळी तिला सगळं सांगितलं. तिने कागद-पेन माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, ‘लेकीला लिहा. आत्ताच. माझं-तुमचं नंतर बघू.’ मशीन देऊ नकोस, तुझ्या पाया पडतो. माझ्याशी बोलू नकोस, घरी येऊ नकोस, काय वाटेल ते कर, पण मशीन देऊ नकोस. माझ्या शब्दावर आता तू का विश्वास ठेवावास? म्हणून सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. ‘उजव्या पायाला संवेदना नाही, वाहन चालवू नये,’ असं स्वच्छ लिहिलंय. वरची तारीख बघ. मी तुझ्याकडे पेडल बदलायला आलो, त्याच्या नऊ दिवस आधीची आहे.

तुझाच, म्हणवून घेता आलं तर,
बाबा