जांभळाची फांदी आणि सेफ्टी पँट

४ मे, रविवार
शेजारचा केतन आला होता. क्रांतीने लावलेल्या जांभळाची एक फांदी वाळली आहे. ती नेमकी त्याच्या आईच्या खोलीच्या पत्र्यावर लोंबते. म्हणाला, काका, घाई नाही, पण पावसाच्या आत बघा, आई तिथेच झोपते. महापालिकेची परवानगी त्यानेच काढली. माणसंही सांगतो म्हणाला. नको म्हटलं. बायको गेल्यानंतरचा पहिलाच उन्हाळा. तिच्या झाडाला दुसऱ्याचा हात नको. या आठवड्यात स्वतः कापणार.

७ मे
मनस्वीचा पुण्याहून फोन. बाबा, तुम्ही बल्ब बदलायचात तेव्हा आई स्टूल धरायची, म्हणाली. पूर्ण सेफ्टी घेऊनच करणार, असं सांगितलं. मग तिला मीटिंग होती.

१० मे
पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत कुलदीपच्या दुकानात गेलो. तो कारखान्यांना सेफ्टीचं सामान पुरवतो. चेनसॉ, म्हणजे साखळीची मोटर-करवत, भाड्याने सांगून ठेवला. त्यासाठीचे खास बूट आणि पँट घेतली. पँटच्या पुढच्या बाजूला आत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की धागे ओढले जाऊन मशीनमध्ये गुंततात आणि साखळी थांबते. पँट वाया जाते, पाय राहतो. शंभर टक्के का, असं विचारलं. म्हणाला, अंकल, शंभर टक्का तो घर पे बैठने में है.

११ मे, दुपार
पँट घालून पाहिली. पायांना गादी गुंडाळल्यासारखं होतं. कंबर सैल, पाय खाली लोळतात. अशाने शिडी कशी चढणार? फांदी पुढच्या रविवारी.
बूट मात्र उत्तम. पुढच्या टोकावर वरवंटा टाकून पाहिला. अंगठ्याला कळलंही नाही. क्रांती असती तर आधी वरवंट्याची चौकशी केली असती.

१५ मे
पँट प्रितम टेलरकडे टाकली. माझ्या पँटी क्रांतीच नेऊन द्यायची, माप त्याला पाठ आहे. तरी त्याने टेप लावली. कंबर कमी भरली. त्याने पुन्हा एकदा टेप लावली.

१९ मे
पँट मिळाली. फिटिंग छान, एकदम हलकी. प्रितम म्हणाला, साहेब, आत नुसता गुंता भरला होता, माझ्या मशीनची सुई अडकत होती, सगळा उपसून टाकला. वर क्रीजही घातली. कामाचा माणूस. आता घामही कमी येईल.

२४ मे
चेनसॉ आणला. आधी ट्रायल. पँटच्या पायात दुधी घातला, पाटावर आडवा ठेवला, साखळी टेकवली. पँट, दुधी आणि पाट, तिन्ही कापले गेले.
कुलदीपला फोन करून चार शब्द सुनावले. त्याने विचारलं, टेलर को दिया था क्या? म्हटलं, फक्त आल्टरला. त्याने नवीन पँटची ऑर्डर लिहून घेतली.
संध्याकाळी दुधीची भाजी केली. ऑइलचा वास येतो.
नवीन पँट आली की लगेच फांदी. उशीर माझ्यामुळे झालेला नाही.

२५ मे
केतनला पँटचं सांगितलं. त्याने कापलेला पाय हातात घेऊन पाहिला. म्हणाला, काका, आत तुम्ही नव्हतात ना, मग झालं. आईला त्याने हॉलमध्ये झोपवलंय. त्याची आई, बयाबाई, कुंपणापलीकडून म्हणाल्या, हॉलमदी पंख्याचा वारा लय लागतो, कंबर धरते. पन क्रांतीचं झाड हाय, तुमी तुमच्या सवडीनं करा.
जेवण गेलं नाही. कालच्या भाजीमुळे असेल.

३१ मे
मीच केतनला म्हटलं, माणसं बोलाव. सकाळी आली. मी देखरेखीला खाली उभा राहिलो, बूट घालून. बाबा मागं सरा, म्हणून ती माणसं ओरडत होती. बूट आहेत, असं सांगितलं. फांदी पडली, तिचं एक लाकूड उडून थेट माझ्या पायावर आलं.
बूट चांगले आहेत. पायाला काही लागलं नाही.