भिंगरी मैदानात खाली का बसली, याविषयी दाजींना

आदरणीय दाजींना,

नमस्कार पोचावा. इथे सगळे खाऊनपिऊन बरे आहेत (एक जण सोडून, पण तीही आता खाऊ लागली आहे, म्हणून तर मला हे पत्र लिहायला तोंड आहे). तुमचा गुडघा जिना चढताना अजून कुरकुरतो का, आणि ताईने आणलेल्या काठीला तुम्ही चारचौघांत अजून छत्रीच म्हणता का, ते कळवावे.

तुमचे पत्र मिळाले. इतके आखूड पत्र मी आजवर फक्त वीज कंपनीकडून आलेले पाहिले होते. भिंगरी सामन्यात खाली बसली असे तिच्या सरांनी फोनवर सांगितले, कारण कळवावे, या मोसमानंतर फुटबॉल बंद करावा असे माझे मत आहे, संपले. तुमची लेक शाळेसाठी आमच्याकडे राहते, तेव्हा कारण विचारणे हा तुमचा हक्क आणि सांगणे हे माझे कर्तव्य. फक्त ते कारण तीन ओळींत मावणारे नाही.

मोसमाच्या सुरुवातीला शाळेने एका आहारतज्ज्ञ बाईंना बोलावले होते. पंधरा-सोळा वर्षांच्या अठरा मुली आणि त्यांचे पालक यांना बाईंनी समजावले, की या वयात हाडे वाढत असतात, रक्त वाढत असते, आणि वर ह्या रोज दीड तास पळतात. म्हणजे घर बांधायचे आणि त्याच वेळी त्यात राहायचेही, असा मामला आहे. तेव्हा पोटभर खा, न्याहारी बुडवू नका, पाणी प्या, आणि ताकदीच्या पावडरींच्या नादी लागू नका. (हे शेवटचे ऐकून एका वडिलांनी मांडीवरची पिशवी हळूच खुर्चीखाली सरकवली.) मग त्यांनी दोन पानांचे पत्रक वाटले. सामन्याआधी तीन तास भात किंवा बटाटे, सोबत थोडी अंडी किंवा डाळ. एक तास आधी केळे. मध्यंतरात संत्र्याच्या फोडी आणि पाणी. सामना संपल्यावर लगेच दूध, आणि घरी गेल्यावर नीट जेवण.

दाजी, मी जन्मभर ग्रंथालयात जुन्या पोथ्या लावत आलो. इतके अल्पाक्षरी आणि निःसंदिग्ध लेखन कित्येक वर्षांत माझ्या वाचनात आले नव्हते. सूत्रेच ती. आणि सूत्र दिसले की त्यावर भाष्य लिहिल्याशिवाय माझा हात शांत बसत नाही, हे तुम्ही जाणताच (तुमच्या लग्नपत्रिकेच्या मजकुरावर मी सुचवलेल्या दुरुस्त्या तुम्ही अजून विसरला नसाल). त्या दोन पानांवर मी एकोणीस पाने लिहिली. ‘थोडी’ म्हणजे किती, केळे एकच की भूक असेल तितकी, संत्रे न मिळाल्यास मोसंबे चालेल काय, असे सारे पूर्वपक्ष मांडून त्यांचे यथाशक्ती निराकरण केले. पालकांनी माझे लेखन हातात घेऊन वजन पाहिले आणि संघाच्या खाण्याची जबाबदारी एकमताने माझ्यावर सोपवली. भिंगरीच्या मामीचे म्हणणे असे, की “ती पानं वाचावी लागू नयेत म्हणून दिलीय तुम्हाला.” यात तथ्य असावे.

तर उपांत्य फेरीचा तो सामना. वेळ दुपारी चारची, म्हणून जेवण एकला. मैदानामागच्या खोलीत, जिथे रेषा आखायच्या चुन्याच्या गोण्या आणि फाटकी जाळी ठेवतात, तिथे मी आणि मामी पातेली घेऊन बारापासून हजर. साडेबाराला सर आले आणि म्हणाले, “पंचांना संध्याकाळी दुसरीकडे जायचंय. सामना दोनला.” एखाद्या सामान्य बुद्धीच्या माणसाने पातेली झाकून प्रत्येकीच्या हातावर एकेक केळे ठेवले असते. परंतु माझ्या भाष्याच्या सातव्या पानावर मीच लिहून बसलो होतो, की पायऱ्यांचा क्रम मोडू नये आणि त्यातली एकही गाळू नये. (लिहिताना ते वाक्य मला फार आवडले होते.) मी पायरी गाळली नाही. दोन पायऱ्यांमधला वेळ तेवढा गाळला. पाऊण वाजता भात, बटाटे आणि अंडी. सव्वा वाजता केळी. मामी दोनदा म्हणाली, “अहो, पळायचंय त्यांना, झोपायचं नाहीये.” मी तिला सातवे पान दाखवले. सरांनी विचारले, “काका, नक्की ना?” मी म्हणालो, “ग्रंथाला धरून आहे.”

पूर्वार्धाचे वर्णन करताना लेखणी अडखळते. आमच्या मुली चेंडूकडे धावत नव्हत्या, चालतही नव्हत्या. ओळखीच्या घरी निघाल्यासारख्या जात होत्या. मधल्या फळीतल्या एकीला उचकी लागली ती थांबेना. गोलरक्षक मुलगी, जिला संघात सगळ्या कडी म्हणतात, गोलाच्या खांबाला टेकून उभी राहिली आणि चेंडू आत गेल्यावर तिने त्याच्याकडे जरा नाराजीने पाहिले. एकटी भिंगरी तेवढी पळत होती. उजवीकडून डावीकडे, पुढून मागे, दहा जणींचे काम अंगावर घेऊन. एक गोलही तिने केला. मी मामीला म्हणालो, बघ, भाची कुणाची. उत्तरार्धात पंधराव्या मिनिटाला ती थांबली आणि खाली बसली. पडली नाही, ओरडली नाही. बस चुकल्यावर माणूस थांब्यावर बसतो तशी बसली, आणि ओठ पांढरे. आम्ही तिला उचलून सावलीत आणले. सामना तीन-एकने हरलो. निघताना सर एवढेच म्हणाले, “काका, ग्रंथ जरा पचायला जड होता.”

सगळा दोष माझ्या पातेल्यांचा, असे धरून मी दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला. प्रायश्चित्तच विचारायचे होते म्हणा ना. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “बाकीच्या जेवून सुस्तावल्या, मग ही एकटी कशी पळत होती?” दाजी, एकोणीस पानांत हा पूर्वपक्ष मला सुचला नव्हता.

मामीने कडीला घरी बोलावून सरळ विचारले. कडी म्हणाली, “मामी, ती तिचा डबा मलाच देते ना रोज. दोन महिने झाले. मला वाटलं तुमच्या हातचं तिला आवडत नसेल. मला तर खूप आवडतं.” (या दोन महिन्यांत कडीने सात पेनल्टी अडवल्या. योग्य आहाराचा याहून ढळढळीत दाखला बाईंच्या पत्रकातही नाही.) त्या दिवशी भिंगरीचे ताटही तिच्याकडेच गेले होते, तेव्हा त्या खांबाने दोघींच्या जेवणाचा भार पेलला होता असे म्हटले पाहिजे.

त्या संध्याकाळी मामी बटाटे सोलत होती आणि भिंगरी साली गोळा करत होती. मी शेजारच्या खोलीत वाचत होतो (म्हणजे ऐकत होतो).

“का गं देत होतीस डबा?”

“जड पाय पळत नाहीत, मामी.”

“हे कुणाचं शहाणपण?”

“आहे एकांचं.”

“त्या एकांना पंधराव्या मिनिटाला कुणी उचललं नाही वाटतं कधी.”

मग भिंगरी रडली, आणि मामीने तिला एक उकडलेला बटाटा मीठ लावून दिला. तो तिने खाल्ला. ते एक जण कोण, हे मामीला नंतर कळले आणि मामीकडून मला. पत्राच्या मुख्य भागात त्यांचा उल्लेख करणे प्रशस्त वाटत नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासले. लोह बरेच कमी आहे. तीन महिने गोळ्या आणि रोज चार वेळा खाणे. खेळ बंद करायची गरज नाही असे त्यांचे मत, खाणे बंद केले म्हणून हे झाले असे आहारतज्ज्ञ बाईंचे मत. पहिले चार दिवस ती ताटाकडे प्रश्नपत्रिकेकडे बघावे तशी बघत होती. पाचव्या दिवशी तिने भात मागून घेतला. मामीने वाढला, आणि मला डोळ्यांनी गप्प केले.

फुटबॉल चालू ठेवायचा की नाही, हा निर्णय सर्वस्वी तुमचा. मी या वादात तटस्थ आहे. ताईला नमस्कार सांगावा.

तुमचा अपराधी मेव्हणा

ता. क. एकोणीस पाने मी मागे घेतली आहेत. भिंतीवर आता बाईंचे दोन पानी पत्रक तेवढे आहे, आणि त्याखाली मामीच्या अक्षरात: “वेळ बदलली तर आधी मला विचारा.”

आणखी एक ता. क. तटस्थ आहे असे वर म्हटले, ते शिष्टाचार म्हणून. सोबत पुढच्या मोसमाचा अर्ज जोडला आहे. पालकाच्या सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केली आहे. शेवटची तारीख पुढचा शुक्रवार.

शेवटचा ता. क. हा ताईला वाचून दाखवू नका. दर रविवारी दहाला तुमचा फोन येतो. अभ्यास, झोप, आणि मग, वजन किती. वजनमापे खात्यात तीस वर्षे लोकांचे काटे तपासलेत, तेव्हा माया करायचीही तुमची तीच रीत, हे मला ठाऊक आहे. मोसमाच्या सुरुवातीला आकडा ऐकून तुम्ही हसून म्हणालात, “जड पाय पळत नाहीत हं.” तुम्ही फोन ठेवल्याबरोबर विसरला असाल. तिने ते वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहून ठेवले आहे. मी हे लिहितोय हे तिला माहीत नाही, आणि तुमच्यावर तिचा कसलाही राग नाही. रविवारी साडेनऊपासूनच ती फोनजवळ येऊन बसते. या रविवारी तेवढे वजन विचारू नका. पास कुणाला दिलास, ते विचारा. ती पाऊण तास सांगत बसेल. तुम्हाला त्यातले काही कळणार नाही, मलाही कळत नाही, मधूनमधून “मग?” म्हणत राहिलात तरी पुरे.