दारातून गल्लीकडे

प्रिय रिफअत,

मी तुझी आई. कैरोत, शुब्राच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर राहते. कुवेतच्या उन्हात विसरला असशील, म्हणून आधीच सांगितलं. फोनवर काही मागावं तर तू ‘बघू’ म्हणतोस आणि लाईन जाते. कागदाला तसं करता येत नाही. लिहितेय तुझी लेक नग्ला, बोलतेय मी. चुका असतील त्या तिच्या.

गुडघ्यांचं विचारू नकोस. आहेत. रोजे धरते, पण दुपारनंतर माझ्यात आणि भिंतीला टेकवलेल्या गादीत फारसा फरक उरत नाही. तू म्हणाला होतास, शाळा संपली की पोरगी घरीच राहील, आईला सोबत. राहिलीय. जेवायच्या टेबलावर तारांचा गुंता, घरभर कथिलाचा वास, आणि माझी शिवणाची कात्री तारा सोलून सोलून बोथट. तुझी टॅक्सी भंगारात काढली तेव्हा हिनं तिचे सहा दिवे उतरवून ठेवले होते, ब्रेकचे लाल, वळायचे पिवळे. यंदा रमजानसाठी ते गल्लीच्या तोंडापासून आपल्या दारापर्यंत टांगले. एकामागून एक पेटत घराकडे यायला हवेत, म्हणाली. तू कधी आलास तर वाट चुकायला नको, हे मी म्हणाले.

मला तिनं सगळं समजावलं. आठ पायांचा एक काळा किडा, ती त्याला चिप म्हणते, नुसते ठोके देतो. सोळा पायांचा दुसरा ते मोजतो आणि एकेका दिव्याला पाळी देतो. त्याच्यात जोर नाही, म्हणून प्रत्येक दिव्यापाशी तीन पायांचा एक शिपाई. पाच दिवस खपली. पहिला शिपाई जळला तेव्हा रडली, दुसरा जळला तेव्हा जेवली नाही.

सहाव्या दिवशी, रोजा सोडायची तोफ झाली, खजूर तोंडात टाकला आणि दिवे लागले. पण दारातून निघून गल्लीबाहेर पळायला लागले. जोडणीचं चित्र परदेशी पुस्तकातलं, डावीकडून वाचायचं. हिच्या हाताला आपल्या अरबीसारखी उजवीकडून सुरुवात करायची सवय. हिरमुसून म्हणाली, “आजी, उलटं झालं.” मी म्हटलं, मला पुस्तक दोन्हीकडून सारखंच काळं दिसतं. राहू दे तसंच. ह्या घरातली माणसं गेली ती त्याच बाजूला, तुझे वडील, तुझी बायको, मग तू.

आता कशासाठी लिहिलं ते. अलेक्झांड्रियाच्या तंत्रविद्यालयानं नग्लाला घेतलंय. मला वाचता येत नाही, म्हणून तिनं त्यांचं आलेलं पत्र माझ्याच तांदळाच्या डब्याखाली लपवलं. घड्यांवर फाटत आलंय, इतक्यांदा उघडलंय. मी ते औषधवाल्याकडून वाचून घेतलं. बघ, पेन थांबलं. लिही गं, मी अजून बोलतेय. रिफअत, माझ्या सोबतीचं कारण पुढे करू नकोस. मी थकलेय, पण पोरीला खुंटीला बांधून माझा थकवा जाणार नाही. ईदनंतर तिला जायचंय. होकाराचं पत्र पाठव, तुझ्या हातचं.

आणि तू पाठवतोस त्या मेव्यात यंदा अक्रोड नकोत, फोडून द्यायला ती नसेल. मऊ खजूर पाठव, एका माणसापुरते.

तुझीच,
आई