बत्तीस उड्यांची शर्यत

बाळीवेस, सोलापूर
गुरुवार, २० मार्च

चिरंजीव अवधूतला अण्णांचा आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक आहोत. ऊन आत्ताच चाळिशीला टेकलंय. शेवंतीचे पुढचे नाल परवा बदलले, घोडी मजेत आहे. तुझी आई रोज तुझ्यासाठी शेंगाचटणी कुटते आणि पाठवायला कुणी सापडत नाही म्हणून आम्हालाच खायला घालते. तुझ्या बहिणीच्या, श्रावणीच्या, लग्नाची तारीख निघाली. पण ते शेवटी लिहितो.

फोन असताना कागद कशाला, असं म्हणशील. तू परदेशी गेल्यापासून सहा वर्षं आपण दोघं तुझ्या आईच्या तोंडून बोलतोय. तू विचारतोस, अण्णा जेवले का, आणि मी समोर बसलेला असताना ती सांगते, जेवले. फोन हातात घेतला की माझी जीभ अडते. कागद बिचारा मध्ये बोलत नाही.

शनिवारी तुझ्या घोड्याची शर्यत पाहिली. श्रावणीने मोबाईल तालमीच्या हॉलातल्या टीव्हीला जोडून दिला. मला वाटलं होतं घरचे तिघं आणि चनमल्लप्पा बँडवाला, एवढेच असू. संध्याकाळी आठला बघतो तर चाळीस माणसं, आणि बाहेर चनमल्लप्पाचा बँड गणवेशासकट तयार. गर्दी का झाली त्याला कारण मीच आहे. ते पुढे येईल.

त्या घोड्याचं नाव मला म्हणता येत नाही, म्हणून मी त्याला म्हातारा म्हणतो. त्याची हकिकत तू आईला सांगितलीस तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि मी पेपर वाचत असल्याचं सोंग करत होतो. तेरा वर्षांचा घोडा. साध्या अडथळ्यांच्या शर्यतीत तीच गोल फेरी आणि तीच कुंपणं, याला इतका विटला की पळता पळता मध्येच थांबायचा. मालक त्याला घरीच बसवणार होते. मग त्याला या क्रॉस कंट्रीत घातला आणि गडी जागा झाला. मातीचे बांध, चर, झाडांची कुंपणं, आडवे ओंडके, कधी डावीकडे वळ, कधी उजवीकडे, सहा किलोमीटर आणि बत्तीस उड्या.

तिकडचे काही जाणते हिला खरी शर्यत मानत नाहीत, असंही तू म्हणालास. दमलेल्या घोड्यांची करमणूक आहे म्हणे. त्यांना एकदा लग्नसराईत सोलापूरला घेऊन ये. टिळक चौकातून, डीजेच्या भिंतीला खेटून, उघड्या गटारावरून, मंडपाचे दोर चुकवत, फटाक्यांच्या धुरातून, पाठीवर घाबरलेला नवरदेव घेऊन घोडी काढून दाखवा म्हणावं. सरळ पळायला पाय पुरतात. असल्या वाटेला घोड्याला डोकं लागतं. मला विचारशील तर खरी शर्यत हीच.

तर टीव्हीवर घोडे गोल फिरवायला आणले. म्हातारा दिसला. त्याच्यावर एक गोरा पोरगा बसला होता.

चनमल्लप्पा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "नारायणराव, वर बसलेला अवधूत न्हाय की."

श्रावणीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाहेर तालमीच्या भिंतीवर तुझा भला मोठा फ्लेक्स लागला होता, 'आंतरराष्ट्रीय जॉकी अवधूत यांना शुभेच्छा'.

आणि मग तू दिसलास. म्हाताऱ्याचा दोर धरून चालला होतास. त्याच्या तोंडापुढे नाही, खांद्याशी. दोराचं टोक डाव्या हातात दुमडून धरलेलं, हाताला गुंडाळलेलं नाही. दहा वर्षांचा असताना मी तुला तसंच शिकवलं होतं. घोडा उधळला तर हात जायला नको म्हणून. मला पुढचा थोडा वेळ टीव्ही नीट दिसेना.

शर्यत सुरू झाली आणि मी फ्लेक्स विसरलो. बांधावर चढताना म्हातारा पाय कसा मोजून टाकतो रे. विसाव्या उडीपर्यंत तो पाचवा होता, घाई नाही की धाप नाही. पंचविसाव्या उडीनंतर पुढचा काळा घोडा सरळ गेला आणि वाट होती उजवीकडे. म्हाताऱ्यावरचा गोरासुद्धा क्षणभर काळ्याच्या मागे निघाला होता. म्हाताऱ्याने मान झटकली आणि स्वारासकट आपल्या वाटेला वळला. काळा बाद. तुझी आई, जिला घोड्याच्या वासाने आयुष्यभर मळमळतं, ती खुर्चीवर उभी होती.

शेवटच्या सपाटीवर एका तरण्या घोड्याने त्याला गाठलं आणि म्हातारा दुसरा आला. गोरा खाली उतरून मुलाखत द्यायला गेला. तू मात्र तिथेच होतास, म्हाताऱ्याच्या अंगावर पाणी ओतत, त्याच्या मानेला कपाळ टेकून.

हॉलात कुणीतरी विचारलं, "पण अवधूत कुटं हाय?"

आता ते लिहितो, जे मी टाळत आलोय.

तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी म्हणाला होतास, "जन्मभर दुसऱ्याला वर बसवायचं आणि आपण दोर धरायचा, असलं जिणं मला नको." मी तुझ्या थोबाडीत मारली. शेवंतीसुद्धा दचकून मागे सरली होती. मला वाटलं, पोरगा बापाच्या हातातल्या दोराला लाजतो.

तिकडे जाऊन तू मोतद्दार झालास आणि पहिल्याच महिन्यात आईला खरं सांगितलंस: सकाळी घोडे फिरवतो, खरारा करतो, शर्यतीला दोर धरून नेतो. तू काही लपवलं नाहीस. जॉकी तुला मी केलं. आधी चनमल्लप्पाला सांगितलं, मग सगळ्या पेठेला. पोरगाही दोरच धरतो, हे सांगायला माझी जीभ वळेना. ज्या गोष्टीसाठी तुला मारलं तीच मी सहा वर्षं करत होतो. माझं चुकलं, अवधूत.

मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "त्यो दोर धरलाय, त्यो माझा अवधूत. जॉकी न्हाय त्यो. मी थापा मारल्या तुमाला."

चनमल्लप्पा टोपी नीट करत म्हणाला, "मग आदीच सांगायचं की. दोर धरणाऱ्याला बँड वाजवू ने, असं कुटं लिवलंय व्हय?"

आणि वाजवायलाच लागला. कुणीतरी शेवंतीला झूल घालून आणली, मी तिचा दोर धरला आणि पाठ मोकळी ठेवून वरात निघाली. बायका गच्चीवरून विचारत होत्या, नवरदेव कुठाय, आणि पोरं तुझ्या फ्लेक्सकडे बोट दाखवत होती. श्रावणीने त्यावरचा 'जॉकी' शब्द रंगाने पुसून मोठ्या अक्षरात 'मोतद्दार' लिहिला. मी इतक्या वराती काढल्या, पण इतका कधी नाचलो नाही. गुडघा अजून शेकतोय.

आता तारीख. श्रावणीचं लग्न अकरा मेला. नवरदेवाला मारुतीच्या देवळातून मांडवात आणायचं ते शेवंतीवरूनच, असा तिचा हट्ट. पण मी नवरीचा बाप. त्याला उतरवून घ्यायला मला मांडवाच्या दारात उभं राहावं लागणार. शेवंती आपल्याकडे आल्यापासून वरातीत तिचा दोर मी दुसऱ्या कुणाच्या हातात दिलेला नाही. चनमल्लप्पा म्हणतो, माणूस लावू. मी नको म्हटलं. रजेचं बघ. म्हाताऱ्याचीही परवानगी घे.

लोकांची इतकी पोरं घोड्यावर बसवली आणि वेळेवर उतरवूनही घेतली. तुला तेवढं सहा वर्षं खोटंच वर बसवून ठेवलं. आता उतर आणि घरी ये.

तुझ्यासारखाच मोतद्दार,
अण्णा